विहीणबाईंच्या गावी, खाडीकाठी



मे महिन्यात मी पाच दिवस कोकणात जाऊन आले. परतल्यापासून बस्तीत भेटणारी प्रत्येकजण विचारते, काय काय बघितलं? आणि लगेच आवाज खाली आणून, खाल्लं काय हो तिकडं? दुसरा प्रश्नच खरा, हे मला ठाऊक आहे, कारण आठ वर्षं मी स्वतःला तोच विचारत घरी बसले होते.

माझी लेक देवगड तालुक्यात, वाघोटणच्या खाडीकाठी दिली आहे. दिली आहे म्हणजे तिने तिचं ठरवलं आणि आम्ही हो म्हटलं. जावयांची हापूसची बाग आहे, माणसं मायेची आहेत, पण घरात मासे खातात. लग्न कणकवलीला झालं. त्यांनी आमच्यासाठी म्हणून सगळं जेवण शाकाहारी केलं होतं, कांदा-लसूण न घालता वेगळ्या भांड्यांत. आणि मी काय केलं, तर गाडीत बसून घरून नेलेला डबा खाल्ला. कारण विचारलं तेव्हा पित्ताचं सांगितलं. विहीणबाईंनी गाडीच्या काचेतून मला बघितलं आणि काही न बोलता मागे वळल्या. ते त्यांचं मागे वळणं मी विसरलेले नाही.

त्यानंतर लेक येत राहिली, मी गेले नाही. कधी गुडघे, कधी दुकान, मग ह्यांचं आजारपण. दोन वर्षांपूर्वी हे गेले. यंदा जावई आंब्याचा टेम्पो घेऊन कोल्हापूरच्या मार्केटला आले होते, तिथून जयसिंगपूरला घरी आले आणि म्हणाले, "आई, गाडी रिकामीच चालली आहे, चला." मी अर्ध्या तासात पिशवी भरली. पिशवीत काय होतं ते सांगते, म्हणजे माझी तयारी कळेल: एक पातेलं, तवा, उलथणं, दोन पदरी गाळणं, मुगाची डाळ, तांदूळ, दशम्या आणि पाच दिवसांचे शेंगदाण्याचे लाडू. पाहुणी नव्हे, मोहिमेवर निघालेली बाईच जणू.

कोल्हापूरहून गगनबावड्यापर्यंत ऊस आपली सोबत करतो. मग करूळ घाट लागतो आणि पाऊण तासात सगळं बदलतं. माती लाल, घरं चिऱ्याची, हवा ओलसर. वैभववाडी, तळेरे करत विजयदुर्गचा रस्ता धरला की कातळाचं माळरान लागतं. उन्हाळ्यात ते इतकं काळं आणि भकास दिसतं की वाटतं, इथं काय पिकणार? आणि त्याच कातळाला सुरुंग लावून, माती भरून लावलेली हापूसची झाडं पुढे मैलोगणती उभी असतात.

पहिल्या दिवशी मी पोहोचले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. विहीणबाई ओसरीवर उभ्या होत्या. पाय धुवायला पाणी दिलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "दिस बुडूच्या आदी जेवून घेवया." हात धरून आत नेलं. मागच्या पडवीत मातीची नवी चूल मांडलेली, नवी पातेली, नवी पळी. घावणे आणि नारळाच्या दुधाचा गूळ घातलेला रस. तांदळाचं पीठ, पाणी आणि मीठ, दुसरं काही नाही, आंबवणंही नाही. मी पिशवीतला तवा बाहेर काढलाच नाही. पण सुटलेही नव्हते. पाण्याचा तांब्या पुढे आला तेव्हा माझा हात थबकला, आणि तो त्यांना दिसला.

"गाळलेला आसा," त्या म्हणाल्या.

मी प्यायले. पण मनात शंका होतीच. नळाला फडकं बांधलं की झालं गाळून, असं हल्ली आपल्यातही पुष्कळजणी समजतात.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवल्यावर मी माझं गाळणं घेऊन मागे विहिरीवर गेले, आपलं आपण करावं म्हणून. तिथं विहीणबाई माझ्याआधी होत्या. चिऱ्याने बांधलेली खोल विहीर, मे महिन्यात पाणी पार तळाला. त्यांनी कळशी ओढली, दुहेरी कापडातून हंड्यात गाळली. मग कापड उलटं केलं, गाळलेल्याच पाण्याने एका छोट्या पितळी बादलीत खळबळून घेतलं. त्या बादलीच्या बुडाला कडी होती. कडीत दोरी, वरच्या कडीत दुसरी दोरी. बादली सावकाश खाली सोडली, पाण्याला टेकली तशी बुडाची दोरी ओढून ती तिथंच, पाण्यावर, अलगद उलटी केली.

मैत्रिणींनो, गाळण्यात अडकलेले जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडायचे, हे माझ्या सासूबाई करायच्या. आमच्याकडे विहीर बुजली, नळ आला, आणि मी ते सोडून दिलं त्याला तीस वर्षं झाली. आणि इथं एक मासे खाणारी बाई ते बिनचूक करत होती.

मी म्हटलं, "वरूनच ओतलं तरी चाललं असतं हो." कशाला म्हटलं कोण जाणे. बहुतेक त्या काय म्हणतात ते बघायला.

"वरसून ओतला तर मरतली नाय ती?"

हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं. मला वाटलं लेकीने. तर त्या म्हणाल्या, "तुमच्या मालकांनी." त्यांचं मालवणी मला जसंच्या तसं लिहिता येत नाही, पण सांगितलं ते असं. पाच वर्षांपूर्वी हे इथं दोन दिवस येऊन राहिले होते. नात वर्षाची होती. तिला मांडीवर घेऊन बसायचे. येताना ही बादली घेऊन आले होते, बुडाला कडी लावून. विहिरीवर उभं राहून त्यांनी विहीणबाईंना सगळं करून दाखवलं आणि म्हणाले, "ती एक दिवस येईल. आली की पाण्यासाठी अडायला नको." तेव्हापासून ती बादली माळ्यावर होती. मी येणार असा निरोप आला त्या दिवशी खाली काढली आणि चिंचेने घासली.

मी बी.कॉम. आहे, 1982 ची. आमच्या पाइप-फिटिंगच्या दुकानाच्या वह्या चाळीस वर्षं मीच लिहिल्या. ती नोंद मला चांगली आठवते, कारण तिच्यावरून आमचं भांडण झालं होतं. "कणकवली, वसुली, प्रवासखर्च." जमेच्या बाजूला शून्य. मी म्हटलं होतं, दोन दिवस हिंडून रिकाम्या हाताने आलात? हे हसून म्हणाले होते, पार्टी चांगली आहे, येतील पैसे. लेकीलाही त्यांनी गप्प राहायला सांगितलं असणार. ती बादली आमच्याच दुकानातल्या माणसाने जोडून दिली असेल, आणि मी गल्ल्यावर बसून बघितलीही असेल.

विहिरीच्या काठावर मी बराच वेळ बसून राहिले. विहीणबाई हंडा घेऊन आत गेल्या, माझ्याशी काही बोलायला थांबल्या नाहीत. बरं केलं त्यांनी.

आता बघायचं काय ते सांगते, नाहीतर म्हणाल घरचंच सांगत बसली.

विजयदुर्ग चुकवू नका. खाडी समुद्राला मिळते तिथं तोंडावरच किल्ला आहे. एकात एक अशा तटबंदी, आणि आत गेल्यावर वारा इतका की पदर खोचूनच चालायचं. जुन्या कागदांत त्याला घेरिया म्हणतात, शेजारच्या गिर्ये गावावरून. कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचं आरमार इथं होतं, ते 1756 साली इंग्रजांनी बुडवलं. पण आपल्या वाचकांसाठी वेगळी गोष्ट. हा किल्ला मुळात शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधला असं मानतात. हा भोज म्हणजे आपल्या कोल्हापूरकडचा राजा. त्याच्याच राज्यात 1205 साली आजऱ्याच्या जिनमंदिरात बसून सोमदेवांनी 'शब्दार्णवचंद्रिका' हा व्याकरणाचा ग्रंथ पूर्ण केला. समुद्रावर किल्ला आणि घाटावर जिनमंदिरात व्याकरण, दोन्ही एकाच राजाच्या काळात. बुरुजावर उभी राहून मी हे नातीला सांगितलं. ती सहा वर्षांची आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी, भूक लागली?"

कारण तिला काम दिलेलं होतं. विहीणबाईंनी डबा तिच्या पाठीवरच्या दप्तरात दिला होता आणि मोबाइलमध्ये बघून सूर्यास्ताची वेळ घोकून घेतली होती. मे महिन्यात सातच्या आसपास सूर्य बुडतो. आम्ही सहाला तटाच्या सावलीत बसून तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी खाल्ली, लसूण न घालता, नुसत्या जिऱ्याची फोडणी आणि आमसूल दिलेली. मग धक्क्यावर येऊन निवांत सूर्यास्त बघितला. बाकीचे पर्यटक सूर्य बुडाला की हॉटेलं शोधत पळतात. आपल्याला ती घाई नसते, हा आपल्या नियमाचा फायदा तिथं जाऊन कळला.

धक्क्यावर मासळी वाळत घातलेली असते, त्या वासाने मी पदर नाकाला लावला. नात म्हणाली, "छान वास येतोय ना?" मी काही बोलले नाही.

एक दिवस कुणकेश्वरला गेलो. अगदी वाळूला लागून महादेवाचं मोठं देऊळ आहे आणि किनारा लांबलचक, स्वच्छ. आपल्याला दर्शनाचं वेगळं असलं तरी ती जागा बघावीच. तिथं नातीने एक शंख उचलला. आवडला म्हणून खिशात टाकायला निघाली तर आतून इवलेसे पाय बाहेर आले. कुणाच्या तरी सोडलेल्या शंखात घर करून राहणारा खेकडा तो. मी काही सांगायच्या आत ती पाण्याकडे धावली, खाली वाकली आणि हात पाण्याला टेकवून त्याला सोडलं. वरून टाकलं नाही. विहिरीवरची बादली तिनेही बघितली होती.

खाण्याचं विचारता ना, तर नीट लिहून घ्या. घावणे-रस आणि शिरवाळे हे दोन पदार्थ आपल्यासाठीच केलेत जणू. शिरवाळ्यांना तांदळाच्या पिठाची उकड काढून तिचे गोळे पाण्यात उकळायचे, गरम असतानाच लाकडी शेवग्यातून दाबायचे आणि शेवया नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या. शेवगा एकटीला दाबत नाही. त्या आणि मी दोघी मिळून दांड्यावर जोर काढत होतो, मला दम लागला आणि विहीणबाई इतक्या हसल्या की शेवयाचा गुंता झाला. ओल्या काजूची उसळ मार्च ते मे मिळते. कांद्याऐवजी भाजलेलं खोबरं आणि मिरी घालून उत्तम होते. बिया सोलताना मात्र हाताला तेल लावा, चीक भाजतो. बाहेर सोलकढी मागवताना आधी विचारा, बहुतेक ठिकाणी लसूण वाटलेली असते. त्यापेक्षा कोकमचं सरबत बरं. काकडीचं तवसाळं पावसाळ्यात, ते राहिलं. फणस मी खाल्ला नाही. पाच उदुंबरांत फणस धरायचा की अंजीर यावर मतं आहेत, पण आमच्या सासूबाई धरायच्या, म्हणून आमच्या घरात तो आला नाही. विहीणबाईंनी कापा फणसाचे गरे ताटात मांडले होते, मी कारण सांगितलं, त्यांनी ताट उचलून नेलं. खोटं पित्त सांगण्यापेक्षा खरं कारण सांगणं किती सोपं असतं, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी समजलं.

आणि करायचं काय, तर आंबा काढायला जा. सकाळी उन्हं चढायच्या आत. उंच काठीला जाळी आणि पातं लावलेला झेला असतो, त्याने फळ देठासकट उतरवायचं. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो. आंबा चौदा आणे तयार झाला की काढायचा, ही तिथली भाषा. आणा जाऊन किती वर्षं झाली, आंब्यात तो अजून चालतो. मग गवतात आढी घालायची. मी तासाभरात नऊ आंबे काढले, पैकी दोन पाडले. जावई म्हणाले, "हिशोबात धरू नका." मी धरले.

चौथ्या दिवशी सकाळी नात मला म्हणाली, "आजी, तू गेलीस की आम्ही बांगडा करणार ना?"

घरात सगळे गप्प झाले. लेकीने तिला आत नेलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की माझ्यासाठी ह्या घरात चार दिवस मासा आलेला नाही. आंब्याच्या हंगामात दिवसभर राबणारी माणसं, आणि त्यांच्या ताटात माझ्यामुळे त्यांचं रोजचं जेवण नाही.

आता तुम्ही सांगा, मी काय करायला हवं होतं? जगरीत बघितली तर म्हणावं, करा हो, माझं काय. पण आपण लहानपणापासून शिकलो की हिंसा स्वतः करायची नाही, करवायची नाही आणि करणाऱ्याला अनुमोदनही द्यायचं नाही. "करा" म्हटलं की अनुमोदन झालं. न म्हणावं तर माझ्या नियमाचा भार दुसऱ्यांच्या जिभेवर. आणि आणखी एक खोल कुठंतरी होतं ते लिहितेच: माझी लेक स्वतः खात नाही, पण तिच्या हाताने करते. ते मला आजही सोसत नाही. पाच दिवसांत ते बदललं असं मी म्हणणार नाही.

मी एवढंच म्हटलं, "आज आम्ही दोघी खारेपाटणला जाऊन येतो, दिवसभर लागेल." त्यात काय ते समजून घ्या, असं. हेही अनुमोदनच झालं का? वाटेत मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, "आई, तू नेहमी मलाच कोड्यात टाकतेस."

खारेपाटण मुंबई-गोवा हमरस्त्यावर आहे, तळेऱ्याच्या उत्तरेला. आज बघून पटणार नाही, पण एके काळी खाडीतून गलबतं इथवर यायची, मोठं बंदर होतं. रट्टराज शिलाहाराचा 1008 सालचा ताम्रपट इथंच सापडला. तिथं कर्नाटकवाडी नावाची वस्ती आहे आणि तिच्यात आपलं जिनमंदिर. घाटावरून व्यापाराला उतरलेली आपली माणसं असावीत, असं मला नावावरून वाटलं. काळ्या पाषाणाची लहानशी मूर्ती. इतक्या लांब, मासळीच्या मुलखात, ती मूर्ती शांतपणे बसलेली बघून मला भरून आलं. आजूबाजूला कोण काय खातं म्हणून ती उठून गेलेली नाही, असं काहीतरी मनात आलं. लगेच वाटलं, मूर्तीची आणि आपली तुलना कसली करायची. लेकीने णमोकार म्हटला, स्पष्ट, एकही अक्षर न चुकता. आठ वर्षांत तिच्या तोंडून मी तो ऐकलाच नव्हता, कारण ऐकायला मी आलेच नव्हते. सोबत नेलेले तांदूळ चढवले, अर्धा तास बसलो.

परत आलो तेव्हा पाच वाजले होते. मी उंबऱ्यात क्षणभर थांबले, वास येतो का म्हणून. पडवीत माझी चूल पेटलेली होती आणि सगळ्यांचं जेवण तिच्यावरच चाललं होतं. विहीणबाई भाकरी थापत म्हणाल्या, "पाच दिस मासे नाय खाल्ले म्हणून कोण मरणा नाय." आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, "तुमी गेल्यावर करतलंय."

मी त्यांच्याजवळ पाटावर बसले आणि लग्नातल्या डब्याचं काढलं. पित्त नव्हतं म्हणाले. त्या म्हणाल्या, "माका ठावक आसा." बस, एवढंच. भाकरी तव्यावर टाकली, मी ती उलटली.

निघताना चार डझन आंबे, आमसुलं, कुळथाचं पीठ आणि ओल्या काजूच्या बियांची पुडी मिळाली. मी नेलेले लाडू नातीने संपवले. पातेलं, तवा आणि गाळणं तिथंच ठेवून आले. बादली परत माळ्यावर जाऊ नये म्हणून मीच विहिरीजवळच्या खुंटीला टांगली.

काल विहीणबाईंचा फोन होता. पहिला पाऊस झाला, विहिरीला पाणी वाढलं म्हणाल्या. मी त्यांना दिवाळीत महावीर निर्वाणाच्या लाडूला आमच्याकडे बोलावलं आहे. येते म्हणाल्या, मग जरा थांबून विचारलं, "पण किती दिस ऱ्हवाचा? पाच दिसांच्या वर माका जमाचा नाय हां."